सरदारांची बंदूक आणि सुलभाची चिंच

आमच्या घराण्यात सरदारकी होती. (माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, मते सरदारांच्या घोड्यांना चंदी घालायचं काम होतं. पण तिचं माहेर पुण्याचं, तिथे दुसऱ्याच्या घराण्याबद्दल बरं बोलायची पद्धत नाही.)

अशा घराण्याच्या वारसाने अमेरिकेतल्या श्रूजबरीत पस्तीस वर्षं खंडेनवमीला कशाची पूजा केली? विळी, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप! गेल्या वर्षी तर पाटावर पिझ्झा कापायचं चाकसुद्धा होतं. त्याला कुंकू लावताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून यंदा सप्टेंबरात शेजारच्या वॉल्टरच्या गराजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे, ठासणीची जुनी बंदूक दिसली आणि माझं रक्त उसळलं. घोडा गंजून जाम, दस्त्याला तडा, तड्यावर तार गुंडाळलेली. पण बंदूक!

"विकणार का रे?"

"हे भंगार विकत कोण घेणार?" वॉल्टर म्हणाला. "आजोबांची आहे. माझा स्नोब्लोअर बिघडलाय. तुझा देत असशील तर घेऊन जा."

बाहेर लख्ख ऊन. अशा उन्हात बर्फ उडवायचं यंत्र आठवतं कोणाला? मी हात मिळवून मोकळा झालो! (घरी आणण्याआधी टाउनच्या पोलिसांना फोन करून रीतसर विचारलं. "ती उडते का?" "नाही." "मग हवी कशाला?" मी सरदारकीपासून सुरुवात केली, ती त्यांनी ऐकून घेतली नाही. पण एवढी जुनी ठेवायला हरकत नाही म्हणाले.)

सुलभा हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. हिवाळ्यात सकाळी सहाला तिची गाडी रस्त्याला लागते, म्हणजे त्याआधी ड्राइव्हवेवरचा बर्फ निघायला हवा. मी रिटायर्ड, आणि माझी कंबर माझ्याही आधी रिटायर्ड. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी आठवलं नाही.

"अहो, स्नोब्लोअर कुठाय?" तिसऱ्या दिवशी प्रश्न आलाच.

"ट्रेड केला."

"कशाशी?"

मी चादर बाजूला केली.

"अगंबाई! आता बर्फाला काय गोळ्या घालणार आहात?"

"अगं, अँटिक आहे ही! दुरुस्त केली की—"

"आणि तिकडे पेशंट टेबलावर पडलेला असेल, त्याला काय सांगू? जरा थांबा, आमचे सरदार बर्फात अडकलेत?"

मी खरोखर ओशाळलो. आता बंदूक नीट करून अब्रू वाचवणं एवढंच हातात होतं. लेकीला, मीराला, फोन लावला. ती एका म्यूझियममध्ये नोकरीला आहे.

"बाबा, लिसन! डोन्ट क्लीन इट! तो जुना काळपट थर असतो ना, दॅट्स द व्हॅल्यू. घासलं की खेळ खल्लास!"

हे लगेच सुलभाला सांगायचं ठरवलं. ठरवलं, आणि आपट्याची पानं मिळतात का ते बघायला इंडियन स्टोअरला गेलो. परत येतो तर घरभर चिंचेचा वास! डायनिंग टेबलावर बंदूक, सुलभाच्या हातात ऑपरेशनचे ग्लोव्हज, आणि बंदुकीच्या पितळी पट्ट्या ताम्हनासारख्या लखलखतायत!

"काय केलंस हे!"

"देवापुढे कळकट वस्तू मी ठेवू देणार नाही. चिंच-मिठाने घासली, मग खोबरेल चोळलं. हा बघा, घोडासुद्धा सुटला." तिने घोडा मागे ओढून सोडला. खट्! मी थेट सोफ्यामागे. (सरदारांच्या वंशजाची ही पहिली लढाई.)

खंडेनवमीला बंदूक पाटावर विराजमान झाली. शेजारी सुलभाने गराजमधलं बर्फाचं फावडं आणून टेकवलं.

"हे कशाला?"

"यंदाचं तुमचं शस्त्र," म्हणत तिने फावड्याला बंदुकीपेक्षा जास्त कुंकू लावलं.

तेवढ्यात वॉल्टर आला. त्याला मीच बोलावलं होतं, मिरवायला. तो बंदुकीपुढे उभा राहिला आणि वाकून पट्ट्यांकडे बघायला लागला. म्हटलं, मेलो! व्हॅल्यू गेलेली याला कळली!

"सॉरी वॉल्टर, माझ्या बायकोने ती घासली—"

वॉल्टरने रुमाल काढला. "आजोबा दर रविवारी पुसायचे. अशीच चमकायची. मी त्या पट्टीत माझं तोंड बघायचो." त्याने नाक पुसलं. "मला परत देशील का रे?"

मी 'घेऊन जा, बाबा' म्हणायला तोंड उघडलं, तोच सुलभाने माझ्या पायावर पाय दिला.

"वॉल्टर, व्यवहार म्हणजे व्यवहार! स्नोब्लोअर आमचा, चालवायचा तुम्ही. आधी आमचा ड्राइव्हवे, सहाच्या आत, मग तुमचा. आणि दर खंडेनवमीला बंदूक या पाटावर!"

"डील!" वॉल्टर ओरडला, आणि बंदूक तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून, कुंकवासकट, घरी घेऊन गेला.

डिसेंबरात चांगला फूटभर बर्फ पडला. साडेपाचला वॉल्टर हजर! पावणेसहाला ड्राइव्हवे असा साफ, की खुशाल रांगोळी काढावी. मी खिडकीत शाल पांघरून, हातात आल्याचा चहा. खाली माणूस राबतोय, वर आपण बघतोय. पिढ्यान्‌पिढ्यांची गेलेली सरदारकी परत आली हो!

"बघितलंस सुलभा? याला म्हणतात ट्रेड!"

"वा! काय डोकं चालवलंत!" सुलभा बूट चढवत म्हणाली. "आता तेवढा मागच्या दाराबाहेरचा लाकडी डेक साफ करून टाका. तो व्यवहारात धरायचा राहिलाय."

तिने फावडं माझ्या हातात दिलं. त्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. चहा तसाच ठेवून सरदार मागच्या दाराने मोहिमेवर निघाले.