बाबांचा लंगोट

मंगरूळपीरला माझं औषधांचं दुकान आहे. मोठ्या माणसासाठी डायपर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मला दुरूनच ओळखू येतं. ते आधी डोकेदुखीची गोळी मागतं. मग रस्त्याकडे बघतं, दुकानात दुसरं कोणी नाही ना याची खात्री करून घेतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, "लेकराचं थे द्या ना... पन मोठं." किती मोठं, असं विचारलं की त्याचा हात छातीपर्यंत वर जातो. एवढं लेकरू कोणाचं असतं, हे त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. मी मुकाट्याने पाकीट कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. ते गेल्यावर पूर्वी मी हसायचो. माझ्याच मोटरसायकलला ती काळी पिशवी लटकवून आसेगावला घरी न्यायची वेळ आली, तेव्हा हसू बंद झालं.

बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. ते नीट झालं, पण लघवीवरचा ताबा पूर्वीसारखा राहिला नाही. बाकी माणूस ठणठणीत. आता बाबा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या बुद्धविहारात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या, दिवसांत रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो, आणि मला कळायला लागल्यापासून तो आवाज बाबांचाच होता. अंगात पांढरा सदरा, खाली पांढरं धोतर, बसायला सतरंजीवर अंथरलेली पांढरी चादर आणि समोर सगळी वस्ती. बाबा मांडी घालून बसले की लेकरंसुद्धा गप्प होत. ऑपरेशननंतर त्यांनी विहारात जाणंच सोडलं. आवाज बसला, असं सगळ्यांना सांगायचे. आवाजाला काहीही झालेलं नव्हतं, घरात तो सकाळ-संध्याकाळ माझ्यावरच चालायचा. पण त्या पांढऱ्या चादरीवर ओला डाग पडला तर, या भीतीने त्यांना घरात बसवलं होतं.

बाजारातले डायपर मी आणून बघितले. ते लावायला बाबांना खाटेवर आडवं व्हावं लागे. आई नाही, म्हणून दोन्ही बाजूच्या पट्ट्या मी चिकटवायचो. बाबा तेवढा वेळ डोळे गच्च मिटून घेत. मी चिडका माणूस आहे, गिऱ्हाइकांशीही भांडतो, पण त्या वेळी वाकडी लागलेली पट्टी हलक्या हाताने काढून पुन्हा लावायचो. एवढं करून ते मांडी घालून बसले की जांघेशी फट पडायची आणि धोतर ओलं व्हायचंच.

मग हे काम माझ्या मोठ्या बहिणीने अंगावर घेतलं. ताई कापडाच्या तंत्राचं शिकली, परगावी डायपरच्याच कारखान्यात मोठ्या हुद्द्याच्या खुर्चीवर बसली, आणि ती खुर्ची सोडून आमच्याकडच्याच मालेगावला एका पत्र्याच्या शेडमध्ये गावातल्या बायकांना घेऊन मोठ्या माणसांचे डायपर बनवायला लागली. तेही बाजारातल्यासारखेच, आडवं होऊन लावायचे. "सोयाबीनच्या मुलखात तुले हाच धंदा सुचला?" असं मी तिला किती चिडवलं असेल. पण खरं सांगतो, तिच्याइतकी तल्लख आणि तिच्याइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही. तोंडावर म्हणणार नाही, कारण आधीच ती माझं ऐकत नाही.

ती घरी आली, बाबांसमोर बसली आणि सरळ म्हणाली, "बाबा, मी तुमच्यासाठी येगळा डायपर करतो."

"डायपर लेकराले घालतेत," बाबा उसळले. "मी का लेकरू हाव?"

"मंग लंगोट म्हना."

बाबा थबकले. तरुणपणी ते कुस्त्या खेळलेले. गाल जरा सैल झाले. ताईने ते बरोबर हेरलं आणि विचारलं, "कसा बांधत होते तुमी लंगोट? दाखवा बरं."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. पायजम्यावरूनच त्याचं एक टोक कमरेला आवळलं, मागे लोंबणारं दुसरं टोक पायांमधून पुढे घेतलं, ताणलं आणि खोचलं. उभ्याउभ्या, कोणाचाही हात न लागता. मग मला खिजवायला म्हणून तसेच खाली मांडी घालून बसले. मी ते पडतील की काय या काळजीत होतो. ताईने खाली वाकून त्यांच्या जांघेशी दुपट्टा बोटाने चाचपून पाहिला. फट नव्हती.

"पाह्य," ती मला म्हणाली, "इतके वर्ष आमी निजलेल्या मानसाचा डायपर करून राह्यलो. मांडी घालून बसनाऱ्याचा इचारच केला नाई."

मला तोवर वाटायचं, यात आखणी करण्यासारखं असतं काय? कापूस भरायचा, झालं. ताईने मला शेडमध्ये उभं करून शिकवलं. तिने आधी कमरेचा पट्टा वेगळा केला, म्हणजे तो उभ्याने लावता येईल. शोषणारा भाग मागून पायांमधून पुढे आणायचा आणि पट्ट्याला चिकटवायचा, लंगोटासारखाच. मांडी घातली की जांघ जिथे वळते तिथला काप तिने खोल केला, त्याला मऊ इलॅस्टिक दिलं आणि आतून एक उभी झालर लावली. बसल्यावर ओल मागे सरकते, म्हणून शोषणारी पावडर मागेपर्यंत नेली. ही पावडर पाणी प्यायली की भिजल्या साबुदाण्यासारखी फुगते आणि पाणी सोडत नाही. कागदावर नकाशा काढून, कापून, बायकांच्या अंगावर कपड्यांवरूनच चढवून, त्यांना मांडी घालून बसवून ती पुन्हा नवा नकाशा काढायची. त्या बायका हसून लोळायच्या, पण बसायच्या.

तरीही गाडी एका जागी अडलीच. माप जमलं, पण चाचणीत ओल पुरेशी शोषली जाईना. ताई पावडर वाढवत गेली. शेवटी असा जाड नमुना तयार झाला की बाबांनी तो हातात धरून विचारलं, "बाई, हा लंगोट हाय का उशी?" त्यांना तो घालून पाय जवळ घेता येईनात. माझी चिडचिड झाली. मी म्हटलं, राहू दे आता, बाबांना आशा लावू नको. ती तो नमुना उचलून मालेगावला निघून गेली.

मग एके दुपारी लाइन गेली. शेडमध्ये सगळ्या चाचण्या बोअरच्या पाण्याने चालायच्या, आता मोटर बंद. ताईला कुठे धीर, तिने प्यायच्या फिल्टरच्या कॅनमधलं पाणी नमुन्यावर ओतलं. नमुना टम्म फुगला. पुन्हा ओतलं, तेही त्याने गिळलं. तिने मला फोन केला तेव्हा ती ओरडतच होती. आमच्या बोअरचं पाणी जड, घागरीच्या बुडाला पांढरा थर बसवणारं. त्यातल्या चुन्याच्या क्षारांपुढे पावडरचं काही चालत नव्हतं. आणि ही बाई, एवढी शिकलेली, त्याच पाण्याने मोजत बसली होती. "कारखान्यात नळाले शुद्धच पानी राहे," ती हसत म्हणाली, "मले कायले आठोन राहीन?" पण नुसत्या शुद्ध पाण्यावरही ती फसली नाही. लघवी खारट असते, म्हणून तिने फिल्टरच्या पाण्यात मोजून मीठ घातलं, सगळं पुन्हा तपासलं. मिठाने पावडर चुन्याइतकी अडली नाही, आणि लंगोट पातळ झाला.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. संध्याकाळी बाबांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. बाहेर आले ते पांढऱ्या धोतरात. मी नकळत त्यांच्या पाठीमागे गेलो.

"मांगून काय पाहून राह्यला बे?" ते खेकसले.

विहारात त्यांनी चादरीवर मांडी घातली, ग्रंथ उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं. ताई पलीकडे बायकांमध्ये बसली होती. ठरलेला भाग संपला, लोक हात जोडायला लागले, तर बाबांनी पान उलटलं आणि पुढे वाचायला घेतलं. माझा जीव टांगणीला लागला. मी ताईला खुणावलं, थांबव त्यांना. तिने मान हलवून नाही म्हटलं. बाबा वाचतच राहिले. अखेर त्यांनी ग्रंथ मिटला, सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं, आणि बाबा गुडघ्यावर हात रोवून उठले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ताई एकटी चादरीकडे बघत होती. चादरीला फक्त चुण्या पडल्या होत्या. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मीही रडलो. त्याची मला लाज वाटत नाही.

आता बाबा मंगरूळपीरला आले की माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसतात. परवा माझ्याच वयाचा एक जण आला. त्याने डोकेदुखीची गोळी मागितली, रस्त्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "लेकराचं थे... पन मोठं."

मी उठायच्या आत बाबांनी विचारलं, "कोनासाठी पायजे? बापासाठी?"

त्याने खाली बघूनच मान डोलावली.

"मंग लेकराचं काहून मांगतं? लंगोट मांग. हे पाह्य, म्या बी घातला हाय." आणि ते भर बाजाराच्या रस्त्यासमोर, पांढऱ्या धोतरात, स्वतःभोवती एकदा फिरले.

त्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. बाबांना नीट बघून घेतलं. मग जरा चाचरत विचारलं, "काका, हे घालून खाली बसता येते का?"

बाबांनी चपला काढल्या आणि बाकावर मांडी घालून बसले.