साडूंची गाडी गरम होईपर्यंत

जगातल्या सगळ्या थंड वस्तू गरम करून ठेवण्याचं काम देवाने आमच्या साडूंवर सोपवलं असावं. एरवी एका मोटारसायकलपुढे इतका वेळ आणि इतक्या निष्ठेने उभा राहणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते राहायला हडपसरला, मी धायरीला आणि आमची दोघांची सासुरवाडी विश्रांतवाडीला, दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे भूगोलाने आम्हा दोघांना एकमेकांपासून जमेल तितकं लांब ठेवलं होतं. पण दर रविवारी सासूबाईंच्या हातचं जेवायला दोघेही हजर, आणि तिथे माझी हार ठरलेली. आमचे सासरे अण्णा त्यांना 'थोरले' म्हणत आणि मला 'धायरीवाले'. "धायरीवाले आलेत गं," असं ते आत सांगत, ते मीटर बघायला आलेल्या माणसाबद्दल सांगावं तसं.

जेवणं आटोपून, दुपारचा चहा झाला की साडू आधी एकटेच खाली जात. चोक ओढायचा, किक मारायची, आणि एकाच किकमध्ये सुरू झालेल्या त्या गाडीच्या इंजिनाजवळ पालथा हात धरून, पोराचा ताप बघावा तसा चेहरा करून उभं राहायचं. मधूनच किंचित रेस द्यायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा हात धरायचा. कुणी विचारलंच तर म्हणणार, "झोपेतून उठवलेल्या माणसाला लगेच मंडईत पिटाळतो का आपण? तेल वर चढू दे." तेल वर चढेपर्यंत सगळ्या इमारतीची वामकुक्षी संपलेली असे. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर एकदा खिडकीतून म्हणाले, "दूध असतं तर एव्हाना उतू गेलं असतं." साडू शांतपणे म्हणाले, "दुधाला पिस्टन नसतो, सर." मास्तरांनी खिडकी लावून घेतली. मला असलं उत्तर घरी पोहोचल्यावर सुचतं.

हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. सकाळचा चहा पोटात जाऊन स्थिरावल्याशिवाय ते बोलत नसत. कुणी भांडायला आलं तर त्याला बसवून पाणी देत आणि राग नीट चढायची वाट बघत, तोवर तो माणूस पाणी पिऊन निघून जाई. मेव्हणीला बघायला आले तेव्हाही म्हणे कितीतरी वेळ एक अक्षर बोलले नाहीत. मुलगा मुका आहे की काय, या शंकेने सासूबाईंचा जीव अर्धा झाला. शेवटी पोहे पार निवल्यावर त्यांनी अण्णांना विचारलं, "आपल्याकडे पाणी किती वाजता येतं?" एवढ्यावर अण्णा खूश झाले, पहिला मुलगा आहे जो कामाचं बोलला, म्हणाले. मी बघायला गेलो तेव्हा साहित्यापासून राजकारणापर्यंत सगळ्यावर बोललो होतो. अण्णांनी नंतर फक्त "बोलतात बरं," एवढंच म्हटल्याचं बायकोने मला लग्नानंतर सांगितलं.

पण माझं खरं दुःख निराळंच होतं. साडूंची गाडी खाली धडधडायला लागली की वर अण्णा चपला शोधत. जिना उतरून, फाटकाशी येऊन, सीटवर हात ठेवून उभे राहत. मग पाण्यापासून पेन्शनीपर्यंत काय काय बोलणं होई, तेवढ्यात सासूबाई लसणाच्या चटणीची पुडी घेऊन येत, आणि साडू एखाद्या मंत्र्यासारखे निरोप घेऊन निघत. माझी स्कूटर बटणाची. अंगठा टेकवला की सुरू, आणि सुरू झाली की मी रस्त्यावर. मला निरोप द्यायला कुणाला वेळच मिळत नसे. एका रविवारी मीही ठरवून स्कूटर तशीच चालू ठेवून, इंजिनाकडे गंभीरपणे बघत उभा राहिलो. अण्णा गॅलरीतून डोकावले आणि म्हणाले, "अहो, सुरू झालीये ती. आता बसायचं असतं." चटणी त्या दिवशीही मिळाली नाही.

वर्षं गेली तसा साडूंचा गाडी गरम करण्याचा वेळ वाढतच चालला. मी बायकोला म्हणायचो, इंजिन म्हातारं झालंय, विकायला सांग तुझ्या भावजींना. ती नुसती बघायची. मग अण्णा एकदा जिन्यात पडले. गुडघे आधीच गेलेले, त्यात कंबर दुखावली, आणि डॉक्टरांनी जिन्याचं नावच काढायचं नाही असं बजावलं. दोघी बहिणी आळीपाळीने तिथे राहू लागल्या, आणि आम्ही साडू रविवारचे आपापले एकटे येऊ-जाऊ लागलो.

अशाच एका दुपारी अण्णांचा डोळा लागल्यावर मी खाली उतरलो, तर साडू घामाघूम होऊन ती अवजड मोटारसायकल फाटकाबाहेर ढकलत होते. खोटं कशाला सांगू, मला मनापासून आनंद झाला. जमेल तितका दुःखी आवाज काढून मी विचारलं, "बंद पडली का हो?"

साडूंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. कोपऱ्यावर नेऊन सुरू करतो. आवाज ऐकला की अण्णा उठतात. मागच्या रविवारी चपला घालून जिन्याच्या दारापर्यंत आले होते."

"आणि तिथे एवढा वेळ गरम करत बसणार?"

"छे हो, हिला अर्धं मिनिट पुरतं," साडू म्हणाले. "बाकीचा वेळ अण्णांना दोन जिने उतरायला लागायचा."

टायरमध्ये हवा किती भरावी ते सांगावं, अशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मग आम्ही दोघांनी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली. त्यांनी किक मारली, जरासे थांबले आणि गेले.

मी परत फाटकाशी आलो. साडूंचा हेवा मी लग्न झाल्यापासून करत आलो, पण त्या दुपारी वाटला तसा कधीच वाटला नव्हता. आपल्या गाडीच्या आवाजाने कुणी झोपेतून उठून चपला शोधाव्यात, इतकं कुणाचं होणं मला काही जमलं नव्हतं. माझी स्कूटर कधी आली आणि कधी गेली, हे अण्णांना बहुधा सांगावंच लागत असेल. मी बटणावर अंगठा ठेवला. वर गॅलरीचं दार बंद होतं. अंगठा काढून घेतला, आणि स्कूटर कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.