साबुदाण्याचं उष्टावण

बाळांनो, तुमच्या आत्येबहिणीला पंगतीत वेगळं ताट का वाढतात, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नीट सांगते.

ती जन्मली तेव्हा टाचेतून रक्त घेऊन तपासलं. अहवाल इंग्रजीत होता. घरात तो मीच वाचला. डाळ, दूध, अंडी, सगळ्या प्रथिनांत फिनाइलॲलनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. आपलं शरीर ते मोडून वापरतं. तिच्या शरीराला ते जमत नाही. मग ते रक्तात साचतं आणि मेंदू कायमचा बिघडवतं. उपाय म्हणजे खाण्यावर पहारा. ते आम्ल काढलेली खास पावडर, आईचं दूध मोजून, आणि पुढे वाटीभर वरण कधीच नाही. तेही तुरीच्या मुलखात जन्मून!

अकोल्याला माझ्या विहीणबाईंकडे कळवलं, तर त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आमच्यात असं कोनालेच नाही. हे तुमच्या अमरावतीहून आलं."

"एकीकडूनच आलं असतं तर पोर ठणठणीत असती," मी म्हटलं. "अर्धं तुमचं, अर्धं आमचं."

उष्टावण माझ्या घरी झालं. पहिला घास मामाने द्यायचा, म्हणून तुमचे बाबा तुमच्या तिकडून इथे आले होते. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात, म्हणून मी तो पाण्यात शिजवून साखर घातली. वाटी पाहताच जाऊबाई कडाडल्या, "अवो, उष्टावण हाय का एकादशी? लेकराच्या तोंडी पयलाच घास उपासाचा?"

"एकादशीच समजा. हिची मात्र रोजची."

बायका हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दुधाच्या खिरीचा डबा काढला आणि बोटातली अंगठी त्यात बुडवली. "नुसती चाटवतो. थेंबानं काय होते?"

एका थेंबाने काही झालं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण त्यामागून कोणाकोणाचे थेंब येतील, तेही ठाऊक होतं. मी त्यांचं मनगट धरलं. चारचौघांत, विहिणीचं. तुमच्या आत्याचा चेहरा उतरला. तिला त्याच घरी परत जायचं होतं. तरी मी सोडलं नाही.

"राग माझ्यावर काढा, विहीणबाई. जन्मभर काढा. हिच्या तोंडात नको."

त्यांनी अंगठी पदराला पुसली. "मंग मी आजी असून तिले देऊ तरी काय?"

काय चालतं, किती चालतं, याचा तक्ता मी करून ठेवला होता. तो त्यांच्या हाती दिला. नंतर दोन वर्षं त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तक्ता मात्र त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला मी पाहिला. मनगट धरल्याची माफी मी मागितली नाही, मागणारही नाही.

परवा अकोल्याच्या एका लग्नात जाऊबाईंनी तिच्यापुढे पेढा धरला. सात वर्षांची पोर हात मागे बांधून म्हणाली, "मले चालत नाही."

"येवढासाक तर हाय."

"येवढासाकही नाही."

जाऊबाईंचा हात तसाच पुढे. तेवढ्यात पलीकडून विहीणबाई ओरडल्या, "जाऊबाई, आयकू येत नाही का? नाही म्हणून राहिली ना पोरगी!"