नव्या डॉसचं गाऱ्हाणं

चहाचा कप जरा सांभाळून धरा मंडळी. माझा हा गाढवपणा ऐकताना लोकांचा चहा सांडतो, असा आजवरचा अनुभव आहे!

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. रत्नागिरीत भाऊंची आंब्याची वखार होती. हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याला घरपोच. भाऊंनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला, आणि मुंबईला जाऊन जेमतेम महिनाभर शिकून आलेला मी त्याच्यासमोर बसलो. काय तो माझा रुबाब! चपला काढल्याशिवाय खुद्द भाऊंनाही मी खोलीत येऊ देत नसे.

गिऱ्हाइकांची मागणीची कार्डं आली की ती मशीनमध्ये चढवायची आणि मग वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, बंब पेटवायला द्यायची. "मशीनच्या पोटात गेलं ना, आता कागद हवेत कशाला?" असं वर मीच ऐकवायचो.

ऐन एप्रिलात नवा डॉस आला. डॉस म्हणजे मशीनचा कारभारी हो! तो सांगेल तसं मशीन चालणार. मुंबईच्या इंजिनिअरनं फोनवर बजावलं, "आधी सगळ्या माहितीची फ्लॉपीवर नक्कल काढा. मग जुनी डिस्क पुसा. मग नवा डॉस चढवा. आधी नक्कल, बरं का!"

यात न समजण्यासारखं काय आहे?

पण भाऊ म्हणाले, "नवा कारभारी येतोय, गाऱ्हाणं नको घालायला?"

आता आमच्याकडे विहीर खणा, होडी पाण्यात लोटा, सून घरात आणा, देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. गावातून धोंडूकाका गुरवांना बोलावलं. पेट्या भरणाऱ्या बाया, ट्रकचा ड्रायव्हर, वहिनी, सगळे चपला काढून खोलीत. मशीनपुढे नारळ आणि विडा.

नक्कल काढायला तासभर तरी लागणार होता. म्हटलं, गाऱ्हाणं उरकू दे, मग निवांत काढू. पण एवढी माणसं समोर असताना मला गप्प बसवतंय होय? नुसती गंमत दाखवायला म्हणून मी डिस्क पुसायचा हुकूम टाइप केला. पडद्यावर प्रश्न आला: सगळी माहिती जाईल, पुढे जाऊ का? हो असेल तर वाय दाबा, नाही असेल तर एन.

"बघा काका, मशीन आपली परवानगी मागतंय! मी आता नाही म्हणणार, की ते गप."

"थांब, थांब! शुभ कामात आदीच नाय म्हनू नको," धोंडूकाका म्हणाले. "गाऱ्हानं होऊ दे, मंग काय ते म्हन."

वडीलधाऱ्यांचं ऐकावं म्हणून मी बोटं तशीच बटणांवर ठेवून बसलो. काकांनी हात जोडून सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! तुज्या लेकरांनी आज नवा डॉस आनलाय, त्याला सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. मीसुद्धा. लहानपणापासूनची सवय हो! तोंड व्हय म्हणालं आणि बोटानं वाय दाबलं.

"जुनं काय वंगाळ आसंल ते धुऊन काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दुसऱ्या बोटानं एंटर.

मशीनचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ड्रायव्हरनं कानाला हात लावून नमस्कार केला. "देवानं ऐकलं बगा!"

ऐकलं तर! जुनं सगळं धुऊन निघालं होतं.

"सुधाकर, तुला एवढा घाम का सुटलाय?" भाऊंनी विचारलं.

"भाऊ, गेलं."

"काय गेलं?"

"सगळं. कुणाला किती पेट्या ते सगळं."

"मग कार्डं आहेत ना?"

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी बंबाकडे बघितलं.

वखारीत पेट्या रचून तयार, आंबा पिकत चाललेला, आणि यंदा कुणी किती मागवलाय हे जगात कुणालाच ठाऊक नाही! भाऊंनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "आधी जेवून घे." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. असा मालक, आणि त्याचा हंगाम मी बुडवला!

जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते तेवढे वहीत होते. मग सरसकट सगळ्यांना मी कार्डं लिहिली. 'आपली मागणी आमच्या चुकीने गहाळ झाली, कृपया पुन्हा कळवावी.' बोटं सुजली, पण लिहिली.

आणि उत्तरं यायला लागली. दादरहून एका आजींनी लिहिलं, 'यंदा मागवायचे नव्हते, पण आठवण काढलीत, दोन पेट्या पाठवा.' ठाण्याहून, 'दोन मागवल्या होत्या, तुमची अडचण कळली, चार पाठवा.' पुण्याहून, 'आपल्या बेजबाबदारपणाबद्दल लेखी दिलगिरी पाठवावी. सोबत तीन पेट्याही पाठवाव्यात.'

वखार रिकामी झाली! शेवटी पूर्णगडच्या बागेतून आणखी आंबा आणावा लागला.

भाऊ कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "सुधाकर, मशीन घेतलं, नवा डॉस आणला, तरी एक पेटी जास्त खपली नव्हती. ती तुझ्या गाढवपणानं खपवली!"

मला जरा धीर आला. म्हटलं, "मग भाऊ, मी पुन्हा मशीनवर बसू?"

"छे, छे! मशीनवर आता कुणी शहाणा बसेल. तू फक्त दर हंगामाला एकदा ये, आणि ते पुसून जा!"