सुजीचं शूटिंग आणि माझी शिट्टी

किस्से बसच्या प्रवाशांसारखे असतात. एकाला चढू दिलं की मागून दहा चढतात. मी जन्मभर बसवर कंडक्टर होतो. सातवीपर्यंत शिकलो. फालतू बोलणं मला आवडत नाही. पण सेलूच्या स्टँडवर चहाला उभा राहिलो की कोणीतरी विचारतंच, "आबाजी, तुमच्या सुजीचं सांगा ना!" मग सांगावं लागतं.

सुजी, म्हणजे सुजाता, माझी नात. सिनेमात आणि टीव्हीवर लहान मुलीची कामं करायची. मूल काम करत असलं की घरचं मोठं माणूस सेटवर लागतं. तिच्या बापाला रजा नाही, माय अंगणवाडीत. मी रिटायर. झालो सेटवरचा कंडक्टर!

* * *

सुरुवात पवनारला झाली. धाम नदीच्या काठी शूटिंग आलं होतं. आम्ही बघायला गेलो. मुंबईहून आणलेली मुलगी बकरीला पाहून रडत होती. डायरेक्टर ओरडला की मुलगी रडे, मुलगी रडली की बकरी ओरडे.

सुजी तेव्हा दुसरीत. गर्दीतून सरळ पुढे गेली आणि बकरीचा कान धरला.

"ते काही करत नाई वो. तुमीच काऊन एवढे ओरडून राह्यले?"

डायरेक्टरनं मला विचारलं, "काय हो, हिचं नाव काय?"

सुजी म्हणाली, "बकरीचं का माह्यं?"

दोघींनाही काम मिळालं.

* * *

मुंबईच्या सेटवरचा पहिला दिवस. एक असिस्टंट आला, कानात वायर, गुडघ्यावर फाटकी पॅन्ट. म्हणाला, "आजोबा, तुम्ही तिकडे खाली बसा."

जन्मभर मी लोकांना "बसा" म्हटलं. तहसीलदाराला म्हटलं, पैलवानाला म्हटलं. मला कोणी म्हटलं नव्हतं.

"मी माझ्या मर्जीनं बसतो," मी म्हणालो. आणि पॅकअपपर्यंत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिथे खुर्ची होती. पाठीवर कागद चिकटवलेला, "आबाजी". बसा असं कोणी म्हणालं नाही. मग बसलो.

* * *

लहान मुलाचं काम संध्याकाळी सहाला थांबायचं, असं ठरलेलं. सहा झाले. डायरेक्टर म्हणाला, "एकच शॉट, आजोबा." तो झाल्यावर म्हणाला, "आता खरंच एकच!"

गाडी रिव्हर्स घेताना मारायची शिट्टी माझ्या खिशात असते. काढली. फुर्रर्र!

लाइटवाल्यानं घाबरून सगळे लाइट बंद केले. मेकअपवाली टेबलाखाली गेली. मी सुजीचा हात धरला आणि निघालो.

त्या दिवसापासून सेटवर माझ्या शिट्टीनं पॅकअप व्हायचं. चहा देणारा स्पॉटदादा हळूच म्हणायचा, "आबाजी, उद्या जरा लवकर वाजवा की! माझ्या साल्याचं लग्न आहे."

* * *

मग ती मालिका आली. सुजी त्यात चिमी. घराघरात चिमी! एकदा ऐन सीनमध्ये तिचा पुढचा दात पडला. डायरेक्टरनं डोकं धरलं. "अहो, आईनं हाक मारली तेव्हा दात होता, चिमी दारात आली तर दात नाही! शोधा तो दात! चिकटवा!"

सगळे जमिनीवर रांगायला लागले. दात माझ्या मुठीत.

आपल्याकडे पडलेला दात घराच्या छपरावर फेकतात. नवा लवकर येतो. समोर चिमीचं घर होतं, चांगलं दुमजली. मी नेम धरला आणि फेकला.

सेटवरच्या घराला फक्त भिंती असतात. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दात भिंतीवरून पलीकडे गेला. पलीकडे प्रोड्युसर चहा पीत होता.

तो कप घेऊन आला. "आजोबा, हे काय आहे?"

मी म्हणालो, "घराले छप्पर नाई अन् मलेच विचारता?"

* * *

सुजी उंच झाली. मालिकेतल्या आईच्या खांद्याला लागायला लागली. मग त्यांनी चिमीला मारून टाकलं. ट्रकखाली.

तो भाग लागला त्याच दिवशी शेजारची वच्छलाबाई आमच्या दारात. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून हातात पिठलं-भाकरीचा डबा, मागे अर्धी गल्ली. ओट्यावर सुजी सीताफळ खात बसलेली.

वच्छलाबाईनं तिला पाहिलं आणि हंबरडा फोडला. "कशी गुणाची पोरगी होती वो!"

सुजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो ना काकू. मलेबी लय वाईट वाटलं."

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मग गल्लीनं बसून पिठलं-भाकर खाल्ली. पिठल्यात मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं.

* * *

त्यानंतर कामं थांबली. सुजी कॉलेज शिकली, मोठी झाली. ऑडिशन दिली की सगळे म्हणत, "अगं, तू चिमी ना! किती गोड!" आणि काम दुसरीला. वर्ध्याच्या बाजारात भाजीवाल्यानं एकवीस वर्षांच्या पोरीचा गाल ओढला. तिनं निवडलेले टमाटे परत त्याच्या टोपलीत ओतले.

एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आबाजी, फौजदाराचं काम भेटलं. वडनेरला शूटिंग हाय. पयल्या दिवशी जमलं नाई तर दुसरी पोरगी तयार हाय. अन् यावेळी हुकलं तर मी पुन्हा ऑडिशनले जात नाई. तुमी येजा. फक्त शिट्टी वाजवू नका."

मी "हं" म्हणालो.

वडनेरच्या चौकात गावचीच माणसं गर्दी म्हणून उभी केली होती. सीन सोपा. गर्दी चिडलेली, फौजदार येतो, म्हणतो, "खाली बसा!" आणि सगळे बसतात.

सुजी खाकीत आली. "खाली बसा!"

गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "अवो, चिमी व्हय का थे? जिती हाय!" सगळे हसले.

पुन्हा. "खाली बसा!" पुन्हा हसले. डायरेक्टर म्हणाला, "सुजाता, गोड वाटतंय गं. फौजदार नाही वाटत." दुपार गेली. ती दुसरी पोरगी मेकअप करून तयार बसली होती. बाजूला तिची खाकी इस्त्री होत होती.

सहा झाले. सुजीचा चेहरा उतरला होता. तो चेहरा मी ती दुसरीत होती तेव्हापासून ओळखतो. मी उठलो.

फुर्रर्र!

"टाइम झाला! पोरगी थकली. गाडी बंद!"

कॅमेरा चालूच होता. सुजी गर्रकन वळली. काठी काखेत, नजर माझ्यावर. गर्दी दुभंगली. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आबाजी! खाली बसा!"

मी बसलो.

खुर्ची मागेच होती. मी जमिनीवर बसलो.

माझ्या मागे चौक बसला. म्हातारी बसली. इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊन बसला.

डायरेक्टर आधीच खुर्चीत बसलेला होता. तो उठून खाली बसला.