दादाच्या आतड्याचा जोड

माझ्या दादाने मला फसवलं.

आज मंगळवार. त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर इथे एक ओळ लिहिली नाही, तुमच्या मेसेजना उत्तरं दिली नाहीत. माफ करा.

तो गेला त्याच आठवड्यात टाकलेली माझी शेवटची पोस्ट आठवत असेल. 'स्टेपलर असताना हाताने शिवलं, आणि माझा भाऊ गेला.' डॉक्टरांचं नाव लिहिलं नव्हतं, पण हिंगोलीत सगळ्यांना कळलं. खाली आलेल्या शिव्या मी पुसल्या नाहीत.

दादाच्या आतड्याला पीळ पडला होता. खराब झालेला तुकडा कापावा लागणार होता. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं.

"उरलेली दोन टोकं हाताने शिवता येतात, नाहीतर स्टेपलरने पिना मारून जोडता येतात. दोन्ही चांगलं. माझा हात शिवण्यावर बसलाय. आणि जोड भरून येईल की नाही अशी शंका असली, तर लगेच जोडतच नाही. शौचासाठी पोटावर पिशवी लावतो, काही महिन्यांनी जोडतो."

पोट आवळून पडलेला दादा तशातही म्हणाला, "पिना मारायला मी काय मास्तरचं हजेरीबुक हाय का? शिवा सायब."

मास्तर म्हणजे मी. ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो.

मग डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

दादाने माझ्याकडे बघितलं. "न्हाई."

मी वर आणखी म्हणालो, "डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही हा."

पाचव्या दिवशी ताप आला, पोट कडक झालं. जोड सुटला होता.
पुन्हा ऑपरेशन झालं.
दादा वाचला नाही.

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "नीट आठवा, खरंच कुठलं औषध नव्हतं?"

मला वाटलं, हा आता आमच्यावर ढकलतोय. मी ओरडलो. सगळ्या पेशंटसमोर.

त्यानंतर मी वाचत बसलो. हाताची शिलाई, स्टेपलर, एक थर, दोन थर. वही भरली. जे वाचलं त्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच निघायच्या. मी पान उलटायचो. मला एकच उत्तर हवं होतं.

जोड न भरण्याच्या कारणांत दरवेळी स्टेरॉइड यायचं. ते मी सोडून द्यायचो. दादा कुठे घेत होता?

आज गावी, जवळा बाजारला, वर्षश्राद्ध होतं. पंगत उठल्यावर शेजारचे काका वहिनीला म्हणाले, "सूनबाई, त्याची ती गुडघ्याची पुडी उरली असंल तर दे माय. तो पुडीवाला आता बाजारात बसत न्हाई."

वहिनीने माझ्याकडे बघितलं.

"कसली पुडी, वहिनी?"

"दुखण्याची. दीड वरीस घेत होते. रोज."

असल्या कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे मी वर्गात सांगतो. दादाच्या पुडीत होतंच, असं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही. पण त्या दीड वर्षात त्याचा चेहरा गोल भरला होता, स्टेरॉइडने भरतो तसा. मीच म्हणालो होतो, "तब्येत झाली रे दादा!"

"मला काहून सांगितलं नाही?"

"तुमीच त्यायला चार माणसांत अडाणी म्हणलात, भाऊजी. त्या पुडीवाल्याकडं गेले म्हणून. तुमाला वाटलं, सोडलं. तवापासून लपवून घ्यायचे."

"दवाखान्यात तरी?"

"मी म्हणलं, सांगा. तर म्हणले, मास्तर उभा हाय."

मला बाहेर जायला सांगायचं ना, दादा. गेलो असतो.

की नसतो गेलो?

तू खोटं बोललास. मी त्याची ग्वाही दिली. वहिनी वर्षभर गप्प राहिली. आणि ज्या माणसाने दोनदा विचारलं, त्याचंच नाव मी खराब करत राहिलो.

त्यांना कळलं असतं तर कदाचित आतडं जोडलंच नसतं. पिशवी लागली असती. पिशवी घेऊन बसला असतास ओट्यावर, मला टोमणे मारत.

दादा, मी तुझ्यावर रागावलोय. श्रद्धांजलीचे शब्द आज हाताला येत नाहीत. जिथे असशील तिथे काही दुखू नये, एवढंच.

जुनी पोस्ट पुसत नाही. ही तिच्याखाली टाकतोय. ज्यांनी शिव्या दिल्या, त्यांनी वाचावी.

उद्या: दवाखान्यात जाऊन डॉक्टरांची माफी मागायची. पेशंट बसलेले असताना.