नव्याला ताटकळत ठेवणारा आजा

जगातल्या कुठल्याही नव्या गोष्टीला दाराबाहेर ताटकळत ठेवायची ताकद एकाच माणसात होती, आणि तो माझ्या आईचा मामा होता. आमच्या मोर्च्यांना जे कधी जमलं नाही, ते डहाणूजवळच्या कैनाडचा हा काटकुळा म्हातारा घरबसल्या करायचा. आम्ही सगळी पोरं त्याला आजा म्हणायचो. त्याचा नियम एकच: नवं आलं की आधी देवाला आणि पितरांना, मग माणसाला. नवा भात, नवी काकडी, पावसाळ्यातली पहिली रानभाजी यांच्यासाठी आमच्याकडे हा नियम सगळेच पाळतात. आजाने तो उरलेल्या जगालाही लावला. एकदा नातवाने डहाणूहून थंड पेयाची बाटली आणली. आजाने ती उघडून दुपारभर देवापुढे ठेवली. संध्याकाळी फेस मेलेला पाहून समाधानाने म्हणाला, "जीव त्यांनी घेतला, पाणी आपल्याला ठेवलं. प्या आता."

खाण्यात तो भलताच चोखंदळ. बाजारात सुकट घेताना अख्खं नाक टोपलीत घालायचा. "बाबा, घ्यायची हाय का नुसती हुंगायची?" मासेवाली करवादायची. "माझं नाक तुझ्या ताजव्यापेक्षा खरं हाय," असं म्हणून हा पुन्हा नाक घालायचा. नागलीची भाकरी, सुकटीची चटणी, एखादा पाला, एवढंच त्याचं जेवण. पण घास असा चावायचा की बघणाऱ्याचा जबडा दुखावा. वर वरकसात, म्हणजे नागली पिकायची त्या डोंगरउतारावर, चक्कर मारून यायचा. तिथून रिकाम्या हाताने तो कधी परतला नाही.

मग त्या वरकसातून रस्ता गेला. आम्ही पत्रकं वाटली, घोषणा दिल्या, घसे बसवून घेतले. रस्ता झाला. गुळगुळीत, रुंद, आणि आमच्या पाड्याला उतरायला वाट नसलेला. नागली गेली, पाला गेला, चक्करही गेली. आजा रेशनच्या भातावर आणि चहा-बटरवर आला. दात होते, पण चावण्याजोगं काही उरलं नव्हतं. बघता बघता त्याचे दंड माझ्या मनगटाएवढे झाले.

आणि मग, ऐन श्रावणात, म्हाताऱ्यांसाठी आरोग्य शिबिर आलं! पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या बाईंनी मोठं रंगीत चित्र टांगलं आणि नाचणी खाण्याचे फायदे सांगितले. नाचणी म्हणजे आमची नागलीच. रोज चालत जा, असंही सांगितलं. ज्यांची नागली उपटली त्यांनाच नागली शिकवायची, ही या देशाची पद्धतच आहे. आजाने शांतपणे विचारलं, "बाय, कुठं चालू? रस्त्यावर?" बाई हसल्या आणि त्यांनी प्रत्येक म्हाताऱ्याला पौष्टिक पिठाचं एकेक पाकीट दिलं. त्यावर नागलीच्या कणसाचं चित्र होतं.

तिथेच घोळ झाला. आजाने कणीस ओळखलं. नवी नागली! पाड्यात सगळ्यात वडील तोच, त्यामुळे त्याचा शब्द चालायचा. सगळी पाकिटं त्याच्या घरी देवापुढे गेली. दिवाळीच्या तोंडावर नवं, म्हणजे नवं पीक देवाला दाखवायचा सण, होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

मी भडकले. "आजा, हे कारखान्यातलं आहे, शेतातलं नाही. तुला आज खायला हवं. उभं राहता येत नाही तुला!"

"कारखान्यात नागली उगवते?"

"नाही."

"मंग कुणाच्या तरी वरकसातच झाली ना? त्यानं त्याच्या देवाला दिली आसल का? का आपल्यासारखंच, त्याचंबी वरकस गेलं?"

माझ्याकडे पत्रकभर उत्तरं होती. मी एक पत्रकच त्याच्या हातात कोंबलं. त्याने ते उलटंपालटं केलं. "पोरी, तुझा कागद ओरडायला बरा. पोटाला काय?"

तो नव्यासाठी थांबला. भिंत धरून उठायचा, भिंत धरून बसायचा, पण थांबला. नव्याच्या दिवशी पाकिटं फोडली. पिठाला गाठी झाल्या होत्या. आजाच्या सुनेने, माझ्या मामीने, भाकरी थापली, ती तव्यावर मोडली. आजाने तो चुरा पळसाच्या पानांवर वाढला, देवाला, पितरांना, आणि एक पान त्या नाव नसलेल्या शेतकऱ्याच्या देवालाही. मग एक चिमूट जिभेवर ठेवून कितीतरी वेळ चावत राहिला.

"गोड हाय," तो म्हणाला. "नागली कुठं हाय?"

उरलेलं त्याने पोरांना वाटून टाकलं. पुढचा पावसाळा त्याने पाहिला नाही.

त्याच्या घराच्या आढ्याला बियाण्याचं एक कणीस टांगलेलं होतं, धुराने काळं पडलेलं. ते मी मृगात सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून पेरलं. गोणी रस्तेवाल्यांनीच टाकलेली होती. आता नागली पिकली आहे, मूठभर. देवाचं आणि माझं कधीच पटलेलं नाही, हे मी चार लोकांत मोठ्याने सांगते. पण ती मूठ त्याच्या देवापुढे तशीच ठेवलेली आहे, आणि "खा आता" म्हणणारं माणूस घरात नाही.